कर्णिक बाईंचं शुद्ध इंग्रजी

सुचेता कर्णिक पुण्याहून स्कॉटलंडला आल्या तेव्हा त्यांना थंडीची काळजी होती, एकटेपणाची होती, इंग्रजीची मात्र मुळीच नव्हती. कॉन्व्हेंटचं शिक्षण, इंग्रजीत बी.ए., वक्तृत्वाची तीन पदकं. पती कमलाकर एअरशायरच्या एका हॉस्पिटलात डॉक्टर होते. गाव कोळशाच्या खाणींचं. पहिल्याच आठवड्यात बाई बेकरीत गेल्या आणि काउंटरवरच्या मुलीचं एक वाक्य त्यांना तीनदा विचारूनही कळलं नाही. मागची रांग हसली.

"अहो, या लोकांना इंग्रजी येत नाही," घरी येऊन त्या म्हणाल्या.

"ते स्कॉट्स आहे, इथली भाषा," कमलाकर म्हणाले. "पेशंटचं नेमकं काय दुखतंय हे कळायला मलाही दोन महिने लागले. शिकून घे, गोड आहे."

बाई शिकल्या, पण फक्त समजण्यापुरतं. वर्षभरात त्यांना शब्दन् शब्द कळू लागला. त्यातला एकही त्यांनी कधी स्वतःच्या तोंडी येऊ दिला नाही.

पुढे त्या गावच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका झाल्या. पालक सुरुवातीला कुजबुजले, की ही साडीवाली आमच्या पोरांना काय इंग्रजी शिकवणार? बाईंनी ते ऐकलं आणि मनात ठेवलं. हेडमास्तर मॅकआस्किल स्काय बेटावरचे, गेलिक बोलणाऱ्या घरातले. एकदा स्टाफरूममध्ये चहा पिताना ते म्हणाले, "लहानपणी वर्गात गेलिक शब्द निघाला की मास्तर गळ्यात काठी अडकवायचे, पुढचा कुणी चुकला की ती त्याच्या गळ्यात. संध्याकाळी ती ज्याच्या गळ्यात, त्याला मार. त्यानं माझं काही वाईट झालं नाही. फक्त आता ती भाषा बोलायला माझ्याजवळ कुणी उरलेलं नाही."

बाईंनी यातलं 'काही वाईट झालं नाही' एवढंच घेतलं.

मारायला बंदी आली होती आणि मारणं बाईंच्या स्वभावातही नव्हतं. त्यांची पद्धत वेगळी होती. मूल 'येस'ऐवजी 'आय' म्हणालं, ठाऊक असणं या अर्थाच्या 'नो'ऐवजी 'केन' म्हणालं, की त्याला फळ्यापाशी उभं करायचं. ते वाक्य शुद्ध इंग्रजीत म्हणायला लावायचं, जमेपर्यंत. जमलं की सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवायच्या. टाळ्यांआधी वर्ग मनसोक्त हसून घ्यायचा आणि बाई ते हसणं थांबवत नसत. हसण्यानं शिकतात, असं त्यांचं मत होतं. बेकरीच्या रांगेतलं ते हसणं त्या स्वतः विसरल्या नव्हत्याच.

अठ्ठ्याऐंशी सालच्या जानेवारीत शीना मकाय नावाची सात वर्षांची मुलगी चार दिवस गैरहजर राहून वर्गात आली. बाईंनी कारण विचारलं.

"मा दा'ज डीड, मिस," शीना म्हणाली.

तिचा बाप मेला होता. लॉरी बर्फावरून घसरली होती. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, बाईंनाही. आदल्याच दिवशी त्यांनी सांत्वनाच्या कार्डावर सही केली होती. पण इतक्या वर्षांची सवय जिभेवर बसली होती.

"माय फादर इज डेड," बाई म्हणाल्या. "म्हण."

शीना फळ्यापाशी गेली. पहिल्यांदा 'डीड' आलं. दुसऱ्यांदाही. कुणीतरी खुसखुसलं. सहाव्यांदा उच्चार अगदी स्वच्छ आला, आणि वर्गानं टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर शीना वर्गात कधी चुकली नाही. मुळात ती वर्षभर बोललीच फार थोडं, आणि बोलली ते निर्दोष. बाई ही गोष्ट पाहुण्यांना कौतुकानं सांगत. एकदा कमलाकरांनी ती ऐकली आणि जेवण अर्धं टाकून उठले. त्या प्रसंगाबद्दल दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत.

वर्षं गेली. बाई रिटायर झाल्या, कमलाकर गेले. मुलगा परीक्षित मिल्टन कीन्सला आयटीत होता. गेल्या वर्षी बाई न्हाणीघरात पडल्या, मांडीचं हाड मोडलं, तेव्हा तो आला आणि पलंगाशेजारी बसून अवघडत म्हणाला, "आई, तुझा तब्येत आता एकटं राहण्याचा नाहीये. मी कौन्सिलला फोन केलाय. एक होम बघितलाय—"

"तुझी तब्येत. राहण्यासारखी," बाई म्हणाल्या.

उरलेलं सगळं परीक्षितनं इंग्रजीत सांगितलं. कुठलं होम, कोणती तारीख, घराचं काय करायचं. बाईंना विचारण्यासारखं त्यात काही ठेवलेलं नव्हतं.

वृद्धांचं ते होम गावातच होतं. जेवणाच्या टेबलावर बाईंच्या समोर बसवलं अ‍ॅग्नेस मकायला. शीनाची आई. पक्षाघातानं डावा हात गेलेला, जीभ शाबूत. दोघी एकाच गावच्या, जमेल त्यांचं, असं स्टाफला वाटलं. अ‍ॅग्नेस बाकी सगळ्यांशी बोलायची, शेफची थट्टा करायची. बाईंकडे मात्र तिनं चार महिन्यांत एकदाही पाहिलं नाही. बाईंनी दोन-तीनदा हवापाण्याचा विषय काढून बघितला, मग सोडून दिला.

त्या उन्हाळ्यात एडिंबरोच्या संसदेनं स्कॉट्स आणि गेलिकला अधिकृत भाषांचा दर्जा दिला. लायब्ररीतून एक तरुणी रेकॉर्डर घेऊन आली. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडचे जुने शब्द तिला जमवायचे होते. रविवार होता, शीना आईला भेटायला आलेली. आता चव्वेचाळीस वर्षांची, एडिंबरोत बँकेत मोठ्या हुद्द्यावर, उच्चार लंडनच्या बातम्यांसारखे.

"या मिसेस कर्णिक," तिनं त्या तरुणीला अभिमानानं सांगितलं. "यांनी मला बोलायला शिकवलं. आज मी जी आहे ती यांच्यामुळे. माझ्या मुलांनाही मी तसंच शिकवलंय."

बाईंच्या छातीत काहीतरी सुखावलं. इतक्या वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं.

तरुणीनं अ‍ॅग्नेसपुढे रेकॉर्डर ठेवला. "रडण्याला तुमच्याकडे कोणता शब्द आहे?"

अ‍ॅग्नेसनं पहिल्यांदाच बाईंकडे पाहिलं आणि आपल्या स्कॉट्समध्ये सावकाश बोलू लागली.

"ग्रीट. काल रडली असेल तर ग्रॅट. माझी पोर बाप पुरल्यावर महिनाभर झोपेत ग्रॅट. आणि झोपेत बडबडायची ती हिच्या इंग्रजीत. माय फादर इज डेड, माय फादर इज डेड. मी जवळ घेऊन काही बोलले की तोंड फिरवायची. माझ्या बोलण्याची तिला लाज वाटायची. नवरा एका दिवसात गेला. पोर मात्र सदतीस वर्षं माझ्याशी बँकेतल्या गिऱ्हाइकाशी बोलावं तशी बोलतेय."

शीनाचा चेहरा गोरामोरा झाला. मग तिनं आईच्या निकामी हातावर हात ठेवला आणि मऊ आवाजात म्हणाली, "मम, प्लीज. आणि 'ग्रॅट' नाही. 'क्राइड'."

त्याच क्षणी बाईंची मान हलली. होकारार्थी. विद्यार्थ्यानं बरोबर उत्तर दिलं की ती पंचवीस वर्षं जशी हलायची, तशी. बाईंनी ती हलवली नव्हती, पण ती हलली. अ‍ॅग्नेसनं ते पाहिलं.

तरुणीनं रेकॉर्डर बंद केला.

बाईंना त्या दिवशी अ‍ॅग्नेसची माफी मागायची होती, तिच्याच भाषेत. शब्द सगळे ठाऊक होते. खोलीत जाऊन दार लावून त्यांनी ते मोठ्यानं म्हणून पाहिले. पन्नास वर्षं ऐकलेले शब्द त्यांच्या तोंडून नकलेसारखे, चेष्टेसारखे येत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी इंग्रजीतच सुरुवात केली, "मिसेस मकाय, मला तुम्हाला—"

अ‍ॅग्नेसनं चमचा खाली ठेवला, नर्सला हाक मारली आणि आपली खुर्ची खिडकीपाशी हलवून घेतली. नंतर ती तिथेच जेवायची.

फेब्रुवारीत अ‍ॅग्नेस गेली. तिसऱ्या दिवशी शीना बाईंच्या खोलीत आली. हातात टाइप केलेली दोन पानं होती, आईच्या अंत्यविधीला वाचायचं भाषण.

"तुम्ही एकदा नजर टाकाल? काही चूक राहायला नको."

बाईंनी चष्मा लावला. आई कशी कष्टाळू होती, किती प्रेमळ होती, सगळं नेटकं लिहिलेलं. अ‍ॅग्नेसच्या तोंडचा एकही शब्द त्यात नव्हता. बाईंनी तिला ते सांगायला तोंड उघडलं. शीना पलंगाच्या कडेवर, पाय जुळवून, हात मांडीवर ठेवून बसली होती, आणि टक लावून त्यांच्याकडे बघत होती.

"एकही चूक नाही," बाई म्हणाल्या.

"थँक यू, मिस," शीना म्हणाली, आणि पानं घडी घालून घेऊन गेली.