पाकटाचे दात सुकदेव आबांना सापडले होते

माझ्या नावावर असलेला शोध माझा नाही.

ज्यांचा होता, ते सुकदेव आबा मागच्या मंगळवारी गेले. आज वरणगावला त्यांचं पुण्यानुमोदन होतं. तिथून येऊन पिंप्राळ्यातल्या घरी बसून हे लिहितेय.

अर्धं लिहून दोनदा डिलीट केलंय. आता करणार नाही.

आबा मूळचे धुळ्याकडचे. वरणगावच्या फॅक्टरीत नोकरी केली, तिथेच रिटायर झाले. बोलणं मात्र शेवटपर्यंत अहिराणी.
नाद एकच. दगड गोळा करायचे.

तीन वर्षांपूर्वी ते बसने जळगावला आमच्या कॉलेजात आले. मी भूगर्भशास्त्र शिकवते. मी पेपर तपासत होते, समोर चार-पाच विद्यार्थी उभे होते.
आबांनी पिशवीतून मिठाईचा रिकामा डबा काढला. आत कापूस, कापसात चपटे, तपकिरी, चकचकीत तुकडे. आणि सोंगटीएवढा एक गोल मणका.

"मॅडम, हाई दगड नई शे. दात वाटतात मला. माशाचे."

मी एक तुकडा उचलला. दोन सेकंद पाहिला असेल.

"आबा, कौलाचा तुकडा आहे हा. आपल्याकडे सगळा काळा दगड, लाव्हाचा. इथे समुद्रातला मासा कुठून येणार?"

विद्यार्थी हसले. मीपण हसले.

आबा हसले नाहीत. "ठेवून जाऊ का? सवडीने पाहा."

"कुठे सापडलं?" हा पहिला प्रश्न मी दरवर्षी मुलांना शिकवते.
आबांना मी तो विचारलाच नाही.

डबा आठ महिने कपाटावर पडून होता. आबा महिन्याला एक फोन करायचे. मी कधी उचलायचे, कधी नाही.

मग कॉलेजच्या तपासणीआधी डिपार्टमेंट आवरताना तो डबा हाती लागला. फेकण्याआधी सहज एक तुकडा मायक्रोस्कोपखाली ठेवला.

वरून सपाट, सहा बाजूंचा. उलटा केला तर खाली मुळाला कंगव्यासारख्या खाचा.
हा कौलाचा तुकडा नव्हता.

फोटो माझ्या जुन्या गाइड सरांना पाठवले. दहा मिनिटांत त्यांचा फोन.
"अगं, पाकटाचे दात आहेत हे! समुद्रातला मासा. शिंपले फोडून खायला असे फरशीसारखे दात असतात त्याला. कुठे मिळाले तुला?"

तुला.

मी म्हणू शकले असते, मला नाही सर, एका आबांना मिळाले.
मी म्हणाले, "फील्डवर्कमध्ये. शिरपूरच्या पुढे."

तिकडे मी मुलांना सहलीला नेलं होतं, तेवढंच.

जर्नलमध्ये माझ्या नावाने शोधनिबंध छापून आला. लोकल पेपरात फोटोसकट बातमी. सत्कार झाला, शाल मिळाली. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी इथेच माझं अभिनंदन केलंय.

आठवड्याभरात आबा कॉलेजात हजर. हातात बातमीचं कात्रण. मला वाटलं, भांडायला आलेत. मी त्यांना आत घेऊन दार लावून घेतलं.

"पाकट निघालं ना मॅडम? लई आनंद झाला. आमच्या अक्काला वाचून दाखवलं."

अक्का म्हणजे त्यांची बायको.

मग कात्रणावर बोट ठेवून म्हणाले, "पण जागा चुकली. हाई शिरपूरकडचं नई शे. माझी लेक दिलीय बडवानीकडे, नर्मदेच्या बाजूला. तिच्या गावच्या ओढ्यात सापडलं. चला माझ्यासोबत, दाखवतो."

नर्मदेच्या खोऱ्यात लाव्हाच्या आधी समुद्र आत आला होता, हे मी स्वतः वर्गात शिकवते.

"करते दुरुस्ती आबा."

"माझ्या नावाचं राहू द्या. जागा तं बरोबर टाका. उद्या कोणी शोधायला गेलं, तर बिचारा तिकडे उन्हात फिरत बसेल."

मी दुरुस्ती केली नाही. जागा बदलली असती, तर मी तिथे कधी गेलेच नव्हते हे उघड झालं असतं.

आणि खरंच दोन संशोधक आले. शिरपूरच्या पुढे चार दिवस फिरले, हात हलवत परत गेले. त्यांनी मेल केला. मी उत्तर दिलं, पावसाने थर झाकले गेले असतील.

आबा फोन करत राहिले. "कधी जायचं मॅडम?"
कधी परीक्षा होत्या, कधी पाहुणे. मागच्या उन्हाळ्यानंतर त्यांचे फोन थांबले. मला बरं वाटलं होतं. हेही खरंच लिहितेय.

आज मी मागे बसले होते. बुद्धवंदना झाली. अक्कांनी मला पाहिलं आणि हात धरून सगळ्यांसमोर नेलं.

"याच त्या मॅडम. यांनीच आमच्या आबांचे दात ओळखले."

लोकांनी मला हात जोडले. मी पण जोडले.
चहा घेतला.

निघताना आबांची लेक फाटकापर्यंत आली. तिला सगळं माहीत होतं.

"मॅडम, बाबा आजारी होते तरी म्हणायचे, मॅडम येतील, त्यांना ओढा दाखवायचाय. तो ओढा मला माहितीये. दगडही बाबांनी तिथूनच उचलले, मी सोबत होते."

"दाखवशील मला?"

"आधी खरं लिहा. मग बघू."

बस. एवढंच बोलली, आणि आत गेली.

आज संध्याकाळी जर्नलला पत्र पाठवलं. दात आणि मणका कोणाला सापडले, कुठे सापडले, आणि मी काय केलं, सगळं लिहिलं. त्या दोन संशोधकांनाही कळवलं. प्राचार्यांना उद्या भेटणार आहे. पुढे जे होईल ते होईल.

पत्राची प्रत आबांच्या लेकीला पाठवली. तिने वाचलंय. उत्तर अजून आलेलं नाही.

कृपा करून कमेंटमध्ये "तू प्रामाणिक आहेस" वगैरे लिहू नका. माणूस गेल्यावर लिहितेय मी हे.

आबा, तुमच्यासमोर माफी मागायला दोन वर्षं होती माझ्याकडे. मागितली नाही.

तुम्हाला अखेरचा जय भीम.