रोडग्यांच्या पंगतीतला मार

मंडळी, आधीच सांगून ठेवतो — चकवा, करणी, भानामती यांतलं काहीही मला आयुष्यात कधी चिकटलं नाही. आमच्या गल्लीत एका बाईच्या अंगात यायचं, तेव्हा मी तिच्यासमोर उभा राहून वाकुल्या दाखवल्या होत्या. अमावास्येला मी मुद्दाम दाढी करतो. असा मी आज हे लिहायला बसलोय, आणि लिहिता लिहिता खालच्या जबड्यातले दोन नकली दात जिभेनं चाचपून पाहतोय. खऱ्या दातांचं काय झालं, ते सांगायचंय. काळोख नाही, स्मशान नाही, पांढरी साडीही नाही. भर दुपारचे दोन, जानेवारीतला रविवार, आणि पंधरा-सोळा शुद्धीवर असलेली माणसं.

ठिकाण — यवतमाळहून बाभुळगावला जाताना गाव तीन-चार किलोमीटर राहिलं की डावीकडे एक कच्चा रस्ता आत जातो. तिथं आमचे हेडक्लार्क गावंडे यांचं शेत आहे. विहीर, टिनाची शेड, एक मोठा कडुलिंब आणि चारही बाजूंनी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. दर जानेवारीत आमच्या ऑफिसचा रोडग्यांचा कार्यक्रम तिथंच व्हायचा. ऑफिस सरकारी. कोणतं ते विचारू नका, मला अजून पाच वर्षं नोकरी करायची आहे.

रोडगे करायचे नासिरभाईंनी. नासिरभाई म्हणजे ऑफिसच्या जीपचे ड्रायव्हर, सव्वीस वर्षं नोकरी झालेले. गव्हाच्या जाड पिठाचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात कधी पुरायचे, कधी परतायचे, हे त्या माणसाला घड्याळ न पाहता कळायचं. राखेतून काढलेला रोडगा फडक्यानं झटकून ते असा फोडायचे, की वाफेसोबत तुमचं सगळं मोठेपण निघून जायचं. मी खरं सांगतो, कलेक्टरसुद्धा त्या वासानं मांडी घालून बसला असता.

आता खाली मान घालून सांगायची गोष्ट.

त्या रविवारच्या दीड महिना आधी आमच्या ऑफिसच्या साहेबांनी नासिरभाईंच्या हातून जीपची किल्ली घेतली. "आज मी चालवतो." ऑफिसच्या गेटजवळ टपरीवर आम्ही सहा जण चहा पीत होतो, सहाही जणांनी पाहिलं. धोटे तर म्हणालाही, "आता बोंबला, सायेब हिरो बनून राह्यले." तासाभरात जीपनं एका मोटारसायकलवाल्याला उडवलं. पायाचं हाड तीन ठिकाणी मोडलं. आणि संध्याकाळपर्यंत कागदोपत्री गाडी चालवत होते नासिरभाई.

चौकशी लागली. दोष सिद्ध झाला असता तर निवृत्तीला दोन वर्षं उरलेला माणूस घरी बसला असता, वर पोलीस केस. साहेबांनी आम्हा सहा जणांना केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. "मला कुणावर काही लादायचं नाही," ते म्हणाले. "पण एक जबाब लागेल. विलासराव, तुमची भाषा छान आहे..."

हो, विलासराव म्हणजे मीच. ऑफिसच्या प्रत्येक समारंभाचा सूत्रसंचालक. जबाब मी लिहिला. 'सदर वाहन कार्यालयातून निघताना श्री. नासिर हेच चालवीत होते हे आम्ही समक्ष पाहिले.' एकही खाडाखोड नाही! नावं मी ज्येष्ठतेप्रमाणे टाकली — गावंडे, काळे मॅडम, धोटे, मी, राठोड, इंगोले. सहा नावं, सहा सह्या. सातवी सही नव्हती. साहेब कशावरच सही करत नसत, 'चर्चा करावी' एवढं लिहीत.

तर त्या रविवारी पंगत बसली. सहापैकी पाच हजर होतो. राठोड पुतण्याच्या साखरपुड्याला पुसदला गेलेला. साहेब गुडघ्यांमुळे खुर्चीवर, मांडीवर ताट आणि हातात चमचा. आमच्या पुढ्यात पत्रावळी, वांग्याची भाजी, वरण, वाटीभर तूप. नासिरभाई तीसेक फुटांवर विस्तवाशी, दोन्ही हात कोपरापर्यंत राखेनं माखलेले. तिथूनच त्यांनी आवाज दिला —

"गावंडेभाऊ, मंगळवारले चौकशी हाय बरं! म्या तुमची साही जणाईची नावं देल्ली साक्षीले. तुमी साही जणाईनं पाह्यलंच ना आपल्या डोयानं."

त्यांना जबाबाचा पत्ता नव्हता. आमच्याच भरवशावर होता तो माणूस.

पंगतीत कुणी कुणाकडे पाहिना. "हाव, हाव... पाहू ना," गावंडे म्हणाले आणि तुपात बुडवलेला तुकडा त्यांनी तोंडाजवळ नेला.

फाड!

सागवानाची वाळलेली फळी मोडावी तसा आवाज. गावंडे — नव्वद किलोचा माणूस, मंडळी — बसल्या जागेवरून आडवे उडाले आणि शेजारच्याच्या पत्रावळीवर जाऊन पडले. कानातून रक्ताची धार. आम्हाला वाटलं बीपी. "कांदा आणा, कांदा!" कुणीतरी ओरडलं.

कांदा आणायच्या आत पंगतीच्या दुसऱ्या टोकाला तोच आवाज. काळे मॅडम उठून गावंड्यांकडे धावत होत्या, त्या अर्ध्या वाटेतून मागे फेकल्या गेल्या. वरणाच्या गंजावर आदळल्या. खांद्याचं हाड मोडलेलं मी माझ्या जागेवरून ऐकलं. गंज कलंडला, पिवळं वरण मातीत, त्यात मॅडम, आणि त्यांच्या किंकाळीनं कडुलिंबावरचे सगळे बगळे उडाले.

"कोन हाय बे? कोन मारून राह्यलं?" धोटे उभा राहिला, मुठी आवळून गरागरा फिरला. तो माझ्यापासून चार हातांवर होता. त्याच्या आसपास कुणी नव्हतं, हे मी कोर्टात शपथेवर सांगीन. माझ्या डोळ्यांदेखत त्याचं नाक आत गेलं. म्हणजे खरंच आत गेलं, ठोसा बसल्यासारखं, पण ठोसाच नाही! मान मागे झटकली, पांढऱ्या शर्टावर रक्ताचा सडा, आणि तो गुडघ्यावर बसून स्वतःचाच एक दात हातात घेऊन पाहू लागला.

गावंडे. काळे मॅडम. धोटे.

मी तीन नावं मनात पुन्हा म्हटली. हा क्रम माझ्या ओळखीचा होता. हा क्रम माझ्याच हातचा होता! आणि धोटेनंतर...

मंडळी, मी पळालो. पायात चप्पल नाही, हातात रोडगा तसाच. पऱ्हाटीत घुसलो आणि जीव खाऊन ओरडत सुटलो — "लिस्टनं चालून राह्यलं बाप्पा! लिस्टनं! गावंडे, काळे, धोटे... लिस्टनं मारून राह्यलं!" स्टेजवर शुद्ध मराठी बोलणारा मी, पण मरणापुढे आपली बोलीच कामी येते. बोंडांची वाळकी टरफलं पोटऱ्या ओरबाडत होती. आपण पळतोय म्हणजे बसलाच तर पाठीत बसेल, एवढाच हिशोब डोक्यात.

बसला समोरून. दोन बसले. पहिला जबड्यावर — दोन दात जिभेवर आले आणि गरम खारट चव तोंडभर पसरली. मी पडत होतो, तेवढ्यात दुसरा बरगडीवर. बाकी सगळ्यांना एकेक, मलाच दोन! याचा मी पुढे खूप विचार केला. सही करणारा मी आणि लिहिणाराही मी — याहून सयुक्तिक कारण मला सापडलेलं नाही.

इकडे इंगोले हुशार निघाला. माझं ओरडणं ऐकून त्यानं मोटारसायकलवरचं हेल्मेट डोक्यावर चढवलं, पट्टा लावला आणि कडुलिंबाला पाठ लावून उभा राहिला. सगळे श्वास रोखून त्याच्याकडे पाहत होते. काही झालं नाही. एक फटका बसायला लागतो तेवढा वेळ गेला, त्याहूनही थोडा जास्त गेला. इंगोले हसला. "झालं वाटते बे..." म्हणत त्यानं हेल्मेट काढलं.

फाड!

त्याचं डोकं झाडावर आपटलं आणि तो खोडावरून घसरत खाली आला. कपाळाची कातडी भुवईपर्यंत सुटली होती.

मग सगळं शांत. बाकीच्या दहा-अकरा जणांच्या अंगाला ओरखडा नाही. आणि साहेब? साहेबांचा चमचासुद्धा हातातून पडला नव्हता! ताटात तिसरा रोडगा होता. त्यांची सही नव्हती ना. जे काही आलं होतं, तेही ऑफिसच्याच पद्धतीनं चाललं — ज्याची सही, त्याची जबाबदारी.

नासिरभाई राखेच्या हातांनी धावत आले. घाबरले होते. त्यांनी एकेकाला उचलून जीपमध्ये घातलं. मला पऱ्हाटीतून ओढून काढलं, पुढच्या सीटवर बसवलं आणि गाडी बाभुळगावच्या रस्त्याला घातली. मागे चौघं कण्हत होते.

थोडं अंतर गेल्यावर त्यांनी विचारलं, "विलासभाऊ, लिस्ट कायची?"

मी ऐकू न आल्यासारखं केलं.

"तुमी बोंबलून राह्यले होते ना. लिस्टनं मारून राह्यलं म्हून. कायची लिस्ट?"

मी मागे पाहिलं. गावंड्यांनी डोळे मिटून घेतले. मग मी सांगितलं. तुटक्या तोंडानं, रक्त गिळत, त्यांच्याकडे न पाहता. जबाब काय होता, कुणाकुणाच्या सह्या होत्या, कुणी लिहिला. सूत्रसंचालनात मी कधी अडखळत नाही, पण त्या तीन-चार वाक्यांना मला दोन किलोमीटर लागले.

नासिरभाईंनी गाडी थांबवली नाही. वेगही कमी केला नाही. समोरून एसटी आली, तिला त्यांनी नीट वाट दिली. मग म्हणाले, "तोंडाले रुमाल लावा. सीटले रक्त लागून राह्यलं."

बस, एवढंच.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कोणती गाडी होती?"

"गाडी नाही, रोडगे खात होतो," गावंडे म्हणाले.

"किती घेतली होती?" डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला.

तिथंच बाकावर बसलो असताना राठोडच्या बायकोचा फोन आला. रडत होती. साखरपुड्यात फोटो काढताना राठोड सोफ्यावरून उडून फुलांच्या कमानीवर आदळला होता. मनगट मोडलं. मी तो व्हिडिओ पुढे तीनदा पाहिला. जवळ कुणीच नाही, नवऱ्या मुलाच्या हातातला पेढासुद्धा जागचा हललेला नाही. आणि वेळ? मी आणि इंगोले यांच्यामध्ये जो रिकामा क्षण गेला होता ना, तो रिकामा नव्हता. तेव्हा पुसदला पाचवा नंबर चालू होता.

मंगळवारी आम्ही सहाही जण चौकशीला गेलो. बँडेज, प्लास्टर, टाके. आधीचा जबाब खोटा होता, असा नवा जबाब मीच लिहिला. सही करताना इंगोलेनं हेल्मेट घातलं होतं. चौकशी अधिकाऱ्यांनी खुर्ची मागे घेतली. साहेब दार उघडून आत येणार होते, आम्हाला पाहून बाहेरच्या बाहेर गेले. नासिरभाई निर्दोष सुटले. साहेबांची बदली झाली — त्यांनी मागितली होती तिथंच! आमच्याही सेवापुस्तकात खोट्या जबाबाची नोंद पडली. ती मी नाकारणार नाही.

आता स्पष्टीकरण. त्या मोटारसायकलवाल्याचा आत्मा म्हणाल, तर तो जिवंत आहे. त्या दिवशी तो दवाखान्यात मोसंबी खात होता, मी चौकशी केली. शेतातल्या देवाचा कोप म्हणाल, तर गावंड्यांनी पहिला रोडगा देवालाच ठेवला होता. यवतमाळचे माझे एक प्राध्यापक मित्र म्हणतात, सामूहिक भ्रम, अपराधी मनाचा खेळ. ठीक आहे. पण अपराधी मन धोट्याचं नाक आत ढकलतं? आणि पुसदला राठोडला कुणी सांगितलं की आता तुझी पाळी? मी आजही अमावास्येला दाढी करतो. पण त्या दुपारचं काय करायचं, ते मला कळत नाही.

नासिरभाई पुढची दोन वर्षं रोज नमस्कार करायचे, गाडी काढायचे, न्यायचे, आणायचे. रोडग्यांना मात्र आले नाहीत. पुढच्या जानेवारीत आम्हीच केले — वरून कोळसा, आत कच्चं पीठ. मुकाट्यानं खाल्ले आणि चार वाजता घरी गेलो.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोप समारंभाचं सूत्रसंचालन अर्थातच मी केलं. सगळे पांगल्यावर हार काढून ते जीपला टेकून उभे होते. मी धीर करून जवळ गेलो.

"नासिरभाई, एक विचारू? त्या दिवशी... तुमच्या मनात काही आलं होतं का हो? तुम्हाला काय वाटतं, कोणी मारलं?"

त्यांनी हार नीट घडी घालून पिशवीत ठेवला.

"मले काय मालूम? म्या नाई मारलं, येवढं सांगतो." मग माझ्याकडे पाहून हसले — दोन वर्षांत पहिल्यांदा. "म्या मारलं असतं ना विलासभाऊ, तं सायबापासून सुरू केलं असतं. आन् दुसरा नंबर तुमचा लावला असता."