पुसलेला फळा

नारायण पेठेतल्या एका जुन्या वाचनालयाबाहेर काळा फळा होता. रोज सकाळी त्यावर खडूनं पेठेतल्या बातम्या लिहिल्या जायच्या. कोण गेलं, कुणाला रक्त हवंय, गुरुवारी पाणी येणार की नाही. फूटपाथ रुंद झाला तेव्हा तो फळा काढावा लागला, आणि वाचनालयाच्या मंडळींनी त्याऐवजी वेबसाइट करायचं ठरवलं. ते काम माझ्याकडे आलं.

कंपनीतली नोकरी सोडून मी तेव्हा हडपसरच्या फ्लॅटमधूनच वेबसाइटची कामं करायचे. आयटी पार्कमधल्या इतक्या वर्षांत 'कंटेंट' हा शब्द मी इतका ऐकला होता की ते कुणीतरी बसून लिहिलेलं असतं, हे डोक्यातून गेलंच होतं. वाचनालयासाठी मी एक साधी सीएमएस बसवली. सीएमएस म्हणजे वेबसाइटची मागची खोली. तिथे बसून लिहायचं, बटण दाबायचं, की मजकूर पुढे लोकांना दिसतो. सगळं पाहून झाल्यावर सचिव म्हणाले, "पावसात भिजत नाही, एवढा गुण दिसतो खरा." पुण्यात याला कौतुक म्हणतात, म्हणून मी आभार मानले.

लिहिणार होते चाचा. फळाही तेच लिहायचे. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातलं, धंदा दुकानांच्या पाट्या रंगवण्याचा. त्या भागातल्या किराण्यापासून दवाखान्यापर्यंत कितीतरी पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. पुढे फ्लेक्स आला आणि धंदा बसला. फळा तेवढा राहिला होता. आता तोही गेला म्हटल्यावर मला वाटलं, हे काही कॉम्प्युटरला हात लावत नाहीत. पण ते आले, खुर्ची पुढे ओढली आणि एका बोटानं टाइप करायला लागले.

काही महिन्यांनी मी सहज सीएमएसमध्ये डोकावले. एव्हाना बातम्यांचा ढीग साचलेला असणार, असा माझा अंदाज. तर आत एकच पोस्ट. चाचा रोज सकाळी तीच उघडायचे, कालचं सगळं पुसायचे आणि त्याच जागी आजचं लिहायचे. इतकी वर्षं फळा लिहिलेल्या माणसानं दुसरं काय करायचं?

मी चिडले. वाचनालयात जाऊन म्हटलं, "चाचा, रोज नवी पोस्ट करायची. जुनी पुसायची नाही."

"का? फळा एकच आहे ना?"

"इथे हवे तेवढे फळे आहेत."

"मग लोकांनी कुठला वाचायचा?"

मी त्यांना तारखा, जुन्या बातम्यांचा संग्रह, शोधायची सोय, सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, कालचं पाणी आज कोण भरतं?" मी हात टेकले. तसंही लोक आजचंच वाचायला येत होते.

चाचांचा एक नियम होता. कुणीही जावो, त्याला चार ओळी आणि एक दिवस. नाव, वय, कधी वारले, अंत्यविधी किती वाजता. पेठेतले एक बडे गृहस्थ गेले तेव्हा त्यांच्या घरच्यांना मोठा मजकूर हवा होता, तोही तीन दिवस. चाचा म्हणाले, "गेल्या आठवड्यात कोपऱ्यावरची भाजीवाली गेली. तिला चार ओळी दिल्या. यांना जास्त कशा देऊ?" घरचे रागावून निघून गेले. चाचांनी चारच ओळी लिहिल्या आणि दुसऱ्या दिवशी पुसल्या.

मग चाचांची बायको गेली. मी बातमी मोबाइलवर वाचली. नाव, वय, निधन, दफनविधी दुपारच्या नमाजनंतर. चार ओळी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जागी गुरुवारच्या पाण्याची सूचना होती. मला ते वाचवेना. मी मोबाइल उलटा ठेवून दिला.

दोनेक महिन्यांनी त्यांची मुलगी माझ्याकडे आली. लोणी काळभोरला एका कॉलेजात शिकवायची. माझा पत्ता तिनं वाचनालयातून घेतला होता. बसली, पण पाठ टेकली नाही.

"अम्मीची बातमी परत मिळेल का? मला ती ठेवायचीय."

मी म्हटलं, "चाचांना विचारलंत?"

"मी अब्बांशी बोलत नाही."

मग तिनं सांगितलं. लहानपणी घरभर पाट्या वाळत पडलेल्या असायच्या. अब्बा अक्षरांच्या कडा काढायचे आणि आतला रंग अम्मी भरायची. स्वयंपाक उरकला की ब्रश घेऊन जमिनीवर बसायची, अंगठ्याशी रंग कायमचा बसला होता. पण गिऱ्हाइकासमोर पाटी अब्बांचीच. कधी कुणाला कळलं नाही की हिचाही त्यात हात आहे.

"निदान शेवटी तरी लिहायचं होतं," ती म्हणाली. "परक्या बाईचं लिहावं तसं लिहिलं. आणि सकाळी उठून पुसलं. स्वतःच्या हातानं."

मी सीएमएस उघडली. चाचांना ठाऊक नव्हतं, पण त्या एका पोस्टखाली सगळं शिल्लक होतं. दर वेळी सेव्ह केलं की, बटण दाबून मजकूर लोकांपुढे नेला नसला तरी, सीएमएस आधीची आवृत्ती मागे ठेवून देते. दोन आवृत्त्या शेजारी लावल्या की काय पुसलं ते लाल रंगात दिसतं. मी त्या दिवसाची तारीख शोधली. एरवी चाचा दिवसाला एकदाच सेव्ह करायचे. त्या दिवशीच्या आवृत्त्यांची रांगच होती.

पहिली उघडली तर पडदा भरून मजकूर. दोनच वाक्यं वाचली आणि मी लॅपटॉप माझ्याकडे वळवून घेतला. हे चाचांनी कुणाला दाखवायला ठेवलेलं नव्हतं. त्यांच्या लेखी ते पुसलं गेलं होतं. मी तिच्यासमोरच त्यांना फोन लावला.

"चाचा, त्या दिवशी तुम्ही जे लिहून पुसलंत, ते इथे दिसतंय."

"पुसलेलं दिसतं?"

"दिसतं."

फोनवर त्यांच्या मागे वाचनालयातला पंखा ऐकू येत होता.

"तुमची मुलगी इथे बसलीय. दाखवू?"

"अजून रागावलीय?"

"हो."

"मग दाखवा. छापू नका."

मी लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. पहिल्या आवृत्तीत त्यांनी बायकोच्या माहेरचं गाव लिहिलं होतं, ती रंगात किती तेल घालायची ते लिहिलं होतं, आणि पुढे हे: "माझ्या हातची म्हणून पेठेनं जी पाटी वाचली, तिच्या फक्त कडा माझ्या. रंग ती भरायची. मी हे कुणाला सांगितलं नाही." दुसऱ्या आवृत्तीत माहेर गेलं. मग तेलाचं गेलं. एकेक वाक्य काढत ते नियमापर्यंत आले होते. चार ओळींच्या खाली शेवटपर्यंत एकच वाक्य तग धरून होतं, रंग ती भरायची. अगदी शेवटच्या आवृत्तीत तेही लाल झालं.

मुलीनं ते सगळं सावकाश वाचलं. मला रडू आलं, तिला नाही. तिनं पाणी मागितलं, प्यायली, आणि रस्त्याकडे बघत विचारलं, "इथून पेठेत जायला बस कुठे मिळते?" मी तिला स्टॉपपर्यंत सोडायला गेले. लोणीची गाडी समोर उभी होती, तिकडे तिनं पाहिलंही नाही.

त्यानंतर ती रविवारी वाचनालयात दिसू लागली. चाचांचा हात थरथरायला लागल्यावर ते सांगायचे आणि ती टाइप करायची. मी तिलाही म्हणून पाहिलं की नवी पोस्ट करत जा. ती हसली आणि त्याच पोस्टमध्ये लिहीत राहिली. मीही नाद सोडला.

गेल्या वर्षी चाचा गेले. बातमी तिनंच लिहिली. नाव, वय, निधन, दफनविधीची वेळ. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जागी कुणाला तरी रक्त हवं असल्याची बातमी होती. त्या दिवशी मी कामाला बसू शकले नाही. माझ्या स्वतःच्या माणसांसाठीही मी इतकी रडले नसेन.

पुढे वेबसाइट नव्या सर्व्हरवर हलवायची वेळ आली. जुन्या आवृत्त्या अनावश्यक आहेत, काढून टाकू का, असं सीएमएसनं विचारलं. असं विचारलं की मी एरवी विचार न करता हो म्हणते. या वेळी नाही म्हटलं. मग यादी खाली सरकवत चाचा गेले त्या तारखेपर्यंत आले. तिथेही आवृत्त्यांची रांग होती, सकाळपासून दुपारपर्यंत. मी ती उघडली नाही.