पूर्वेकडे पाय

कुर्याकोसला मी ओळखत होतो असं म्हणणं धाडसाचं होईल. आमच्या चर्चची घंटा वाजवणं, मेणबत्त्या लावणं, कबरी खणणं ही त्याची कामं. पस्तीसहून जास्त वर्षं रोज दिसायचा. पण तो मूळचा कुठला, त्यानं लग्न का केलं नाही, हे मी कधी विचारलं नाही. मला माहीत आहे ती एकच गोष्ट, तीही नीट सांगता येईल की नाही कोण जाणे.

शेवटच्या दिवशी प्रभू पूर्वेकडून येईल आणि उठणाऱ्याला तो समोरच दिसावा, म्हणून आमच्या कुट्टनाडात माणसाला पूर्वेकडे पाय करून पुरतात. पेटी पाय पुढे करून पश्चिमेच्या फाटकातून आणायची आणि तशीच सरळ खाली सोडायची. पैली कोळी वारला तेव्हा रस्ता पाण्याखाली होता. पेटी होडीतून आली, कालव्याकडच्या, म्हणजे पूर्वेच्या फाटकानं आत आली आणि सवयीनं तशीच सरळ खाली गेली. पाय पश्चिमेला! मला तेव्हाच दिसलं होतं. पण चारचौघांत तोंड उघडणं मला जमत नाही.

चाळिसाव्या दिवशी फोटोंचा अल्बम आला आणि पैलीची बायको एलियाम्मा हिनं झाकणावरच्या क्रूसाचा माथा पूर्वेला पाहिला. ती तडक आमच्या तरुण अच्चनकडे, म्हणजे पाद्र्यांकडे, गेली. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं ते म्हणाले, "चेडत्ती, देवाला कुठली आलीय दिशा?"

"मग तुम्ही रोज वेदीकडं तोंड करून का उभे राहता? पाठ करून राहा की!"

अच्चन हसले, पण कबर उघडायला परवानगी नाही म्हणाले. एलियाम्मानं चर्चला येणं सोडलं. जेवणही अर्ध्यावर आलं.

एका दुपारी कुर्याकोस माझ्या दारात आला. मला तो 'सर'ऐवजी 'सार' म्हणायचा. "सार, चला माझ्याबरोबर. एकट्यानं गेलो तर ती विळी फेकून मारेल."

एलियाम्मा ओसरीवर मासे साफ करत होती. विळी पुढ्यातच होती.

"चेडत्ती, चूक माझी," कुर्याकोस उभ्या उभ्याच म्हणाला.

"चूक! अरे, तो उठेल तेव्हा त्याला आधी रस्त्यापलीकडचं तळं दिसेल. तळं दिसलं की हा जाळं शोधत बसणार. सगळे प्रभूकडं जातील आणि माझा नवरा मासे धरत राहील!"

"म्हणूनच मी अच्चनकडून त्याच्या शेजारची जागा मागून घेतलीय. माझ्यासाठी. पस्तीस वर्षं पहाटेची घंटा मी वाजवतोय, उठायची सवय मला आहे. मी उठलो की आधी पैलीला दंडाला धरून फिरवीन, मगच पुढं जाईन."

"आणि तूच घोरत पडलास तर?"

"पैली झोपू देईल मला? उठल्या उठल्या बिडी मागेल."

एलियाम्मा हसायला लागली. इतकी, की विळी बाजूला सारून तिला पदरानं डोळे पुसावे लागले. मग ती आत गेली, कप्पाचा उकडलेला कंद आणि मिरचीची चटणी घेऊन आली. आम्ही खात असताना हळूच म्हणाली, "फिरवशील तेव्हा जपून हं. उजवा खांदा दुखायचा त्याचा."

"तेव्हा नाही दुखणार, चेडत्ती."

"तरी जपून."

पुढच्या रविवारी ती पहिल्या रांगेत होती.

दोन वर्षांनी उपासाच्या दिवसांत कुर्याकोसनं अंथरूण धरलं. मी भेटायला गेलो. त्यानंच विचारलं, "सार, पैलीच्या शेजारी पाणी साचलंय का?"

"नाही. कोरडं आहे."

"बरं झालं. जाताना तिकडचं फाटक ओढून घ्या. शेळ्या शिरतात."

"घेतो," मी म्हणालो.