वन्संचा तिसरा भागाकार

आमच्या मोठ्या वन्संनी ज्याला कधीच हादरवलं नाही असा माणूस अख्ख्या अहमदपुरात शोधून सापडायचा नाही. लग्न होऊन मी उमरीहून या घरात आले, वाकून नमस्कार केला, तर आशीर्वादाच्या जागी त्यांनी विचारलं, "वजन किती गं तुझं?" पुढे कळलं की हे त्या सगळ्यांनाच विचारतात, सासऱ्यांच्या तेराव्याला आलेल्या पाहुण्यांनासुद्धा त्यांनी सोडलं नव्हतं. वन्सं हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत होत्या. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जी रसायनं घालतात ती हळूहळू अन्नात उतरतात. ती रोज किती पोटात गेली तर जन्मभर अपाय होणार नाही, याची हद्द ठरवायची हे त्यांचं काम. ती हद्द माणसाच्या वजनाच्या किलोमागे ठरते. त्यामुळे ज्याचं वजन ठाऊक नाही त्याच्यावर माया कशी करायची हे वन्संना उमगतच नसे.

हद्द कशी ठरते हे त्यांनी मला भाकरी थापता थापता समजावलं होतं. उंदरांना जेवढं खाऊ घालून काही होत नाही तो आकडा धरायचा. माणूस उंदीर नव्हे म्हणून त्याला दहानं भागायचं, आणि माणसामाणसांत फरक असतो म्हणून पुन्हा दहानं. या दोन भागाकारांनी वन्संचा सगळा संसार व्यापला होता. नऊच्या एस.टी.साठी त्या सातला स्टँडवर जाऊन बसत, आणि त्यांच्या हातच्या वरणात तिखट दोनदा भागून घातल्यासारखंच लागे.

मला दिवस गेले त्या वर्षी दुष्काळ होता, आणि वन्सं रजा काढून घरी आल्या होत्या. टँकर आला की गल्ली धावायची. वन्सं आता आमच्या निळ्या ड्रमांना नावं ठेवणार म्हणून आम्ही धास्तावलो, तर त्यांनी ड्रमांकडे पाहिलंही नाही. त्या टँकरवाल्याला म्हणाल्या, "ड्रम कडक हाय, त्याचं काय न्हाई. ही तुझी मऊ नळी उन्हात तापून राहिली, तिच्यातलं पहिलं पाणी सांडून दे." पाणी सांडून दे! टँकरवाल्यानं हात जोडले. त्याच महिन्यात नवा जिल्हा झालाच पाहिजे म्हणून मोर्चा निघाला. कार्यकर्त्यांसाठी कॅरीबॅगमधून उकळता चहा आला, तेव्हा वन्संनी पिशव्या हिसकावून गटारात ओतल्या. पुढारी चिडले, "बाई, तुम्हाला जिल्हा नको का?" "जिल्हा पाहिजे की. पण त्यात राहायला माणसं धड पाहिजेत का न्हाई?"

इथवर सगळं हसण्यावारी गेलं. पण माझ्या डोहाळजेवणाला जे घडलं त्यावर हसणं कुणालाच जमलं नाही. मला आईच्या लोणच्याचे डोहाळे लागले होते. आईच्या झाडाला त्या साली मूठभर कैऱ्या धरल्या. तिनं लोणचं घातलं आणि मऊसर प्लास्टिकच्या बरणीत भरून उमरीहून आणलं. मी फोड उचलणार तोच वन्संनी बरणी घेतली आणि सगळ्या बायकांदेखत उकिरड्यावर पालथी केली. "तेल हाय त्यात. तेलात लई उतरतं." आईनं डोळ्याला पदर लावला. मी माझ्या लेकीला विष घेऊन आले का, एवढंच ती म्हणाली आणि ताटावरून उठली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं होतं. जाताना ती सांगून गेली, "तुमची सून तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या." मी रडून गोंधळ घातला. वन्संशी बोलायचंच नाही असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी त्या न सांगता उमरीला गेल्या. पुढचं मला आईनं सांगितलं. आईनं त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. वन्सं ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या हाताला दोष न्हाई, बरणीला हाय." मग त्यांनी ही हद्द मंजूर करणाऱ्या दिल्लीतल्या समितीची गोष्ट सांगितली. पोटातल्या बाळासाठी आकडा आणखी एकदा दहानं भागा, असं त्या तिथं भांडल्या होत्या. साहेबलोकांनी पुरावा मागितला. "मी म्हणले, पुरावा माझ्या भावजयीच्या पोटात हाय, जन्मायचाय अजून. कुणी ऐकलं न्हाई." आईला भागाकार कळला नाही, पण आपल्या नातवंडासाठी ही बाई दिल्लीत भांडून हरून आलीय एवढं कळलं. घरात चिनी मातीच्या बरणीत उरलेलं लोणचं होतं, ती बरणीच तिनं त्यांच्या ओटीत घातली. वन्सं ती बरणी पदरानं कमरेला बांधून एस.टी.तून आल्या. आठवड्याभरात आई मला न्यायला आली.

आता वन्सं आमच्याकडेच असतात. आजारानं पार वाळून गेल्यात. परवा माझ्या लेकीनं त्यांना हाताला धरून काट्यावर उभं केलं. आकडा बघून त्या म्हणाल्या, "किलोमागं धरला तर माझा वाटा लई कमी झाला की गं." लेकीकडे वळून त्यांनी विचारलं, "तुझं किती?" एरवी या प्रश्नावर फणकारणाऱ्या माझ्या लेकीनं त्यांना अलगद उतरवून खाटेवर बसवलं, आणि त्यांना दिसेल अशी स्वतः काट्यावर चढली.