रिकाम्या फोल्डरातला व्हिडिओ

भुताखेतांच्या गोष्टी रंगल्या की मी तिथून उठून जाणारा माणूस. कोड लिहितो, त्यामुळे काही बिघडलं तर चूक कुठल्यातरी ओळीत असणार, एवढंच मानतो. म्हणजे मानत होतो...

मोताळ्यात बसस्टँडजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे. गिऱ्हाइकांना वेबसाइटवर आपलं फोल्डर उघडून फोटो-व्हिडिओ उतरवून घेता यावेत म्हणून मी स्वतःच एक फाइल ब्राउझरची स्क्रिप्ट लिहिली. माझा दोस्त प्रवीण ती तपासायचा आणि दर वेळी तेच म्हणायचा, "नावावर बोट ठेवलं का व्हिडिओ तिथंच सुरू झाला पायजे बे. उतरवत काऊन बसायचं?" मी म्हणायचो, करू पुढच्या अपडेटला. ते राहूनच गेलं, कारण प्रवीण बुलढाण्याच्या रस्त्यावर अपघातात गेला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि रेखावहिनी गरोदर होती.

त्याचा फोन आणि लग्नाचा पेन ड्राइव्ह, दोन्ही अपघातात गेले. त्याचा आवाज उरला तो फक्त माझ्या सर्व्हरवर, लग्नाच्या व्हिडिओत. वरात घरी आल्यावर बहिणींनी दार अडवलं होतं. नाव घेतल्याशिवाय आत सोडत नव्हत्या. प्रवीण लाजून नुसता हसत होता, "नाही बा, मले नाही जमत." शेवटी कंटाळून त्यांनीच वाट सोडली. वहिनीला तेवढंच हवं होतं... त्याच्या मागं जन्मलेल्या पोरीला बापाचा आवाज ऐकवायला.

ती येणार म्हणून मी हौसेनं स्क्रिप्ट अपडेट करायला घेतली. रिकामी फोल्डरं आपोआप उडवायची सोय टाकली. आता माझी सवय अशी, की फोल्डरला नाव मराठीत द्यायचं, गावासकट. नव्या कोडला ती नावं वाचताच आली नाहीत. त्यानं सगळी फोल्डरं रिकामी धरली आणि साफ केली.

हार्ड डिस्कवर काही नव्हतं, कारण आमच्या धंद्यात अल्बम दिला की डिस्क पुसून पुढच्या लग्नाला लावतात. होस्टिंगवाल्यांच्या हातापाया पडलो. त्यांचा बॅकअप माझ्या अपडेटनंतरचा. ती सोय काढून प्रवीणच्या नावाचं फोल्डर पुन्हा तयार केलं, मिळेल ती रिकव्हरी सॉफ्टवेअरं चालवून पाहिली. जेवण जाईना. दोस्ताला मी दुसऱ्यांदा मारलं, असंच वाटत होतं.

बाजाराच्या दिवशी भर दुपारी वहिनी देऊळघाटहून, तिच्या माहेराहून, आली. कडेवर पोरगी रडत होती.

"सापडलं का भाऊ?"

"वहिनी, माह्या हातून उडालं. सगळंच."

ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "एकदा दाखवा तरी."

काय दाखवणार? तरी मी पान उघडलं. प्रवीणच्या फोल्डरात एक फाइल होती... मी नावावर क्लिक केलं. ती उतरायला हवी होती, पण व्हिडिओ तिथंच, पानावरच सुरू झाला. माझ्या स्क्रिप्टमध्ये तशी सोयच नाही!

तेच दार, अडवून उभ्या बहिणी, आणि फेट्यातला प्रवीण. या वेळी तो हसला नाही. सरळ कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला,

"उशीर झाला घरी याले, चुकला नाही गाव,
दारात उभा राहून घेतो रेखाचं नाव."

पोरगी रडायची थांबली होती. वहिनीनं पदर तोंडाशी धरला. मी फाइल सेव्ह करायला गेलो, तर पान आपोआप रिफ्रेश झालं. 'हे फोल्डर रिकामे आहे.'

वहिनी म्हणाली, "भाऊ, त्यायनं त्या दिवशी नाव घेतलंच नव्हतं ना?"

"नाही," मी म्हणालो. शूटिंग मीच केलं होतं, एडिटिंगही माझंच.

कोडची ओळ न् ओळ तपासली, सर्व्हरचे लॉग चाळले. त्या दुपारी कुठलीही फाइल उघडल्याची नोंद नाही. कुणाला काही सुचत असेल तर कृपा करून सांगा, मी अगदी थकलोय.

त्या दिवसापासून मी स्क्रिप्टमध्ये एका अक्षराचाही बदल केलेला नाही. वहिनी बाजाराला आली की पोरीला मांडीवर घेऊन त्याच खुर्चीवर बसते. काही विचारत नाही. मी पान उघडतो. फोल्डर रिकामं असतं. आम्ही थोडा वेळ बघत बसतो, मग तिची बस लागते.