पुण्याला आपलं माणूस होतं

माझ्या नातीबद्दल गावात जे बोललं जातं ते खोटं आहे, आणि त्याची सुरुवात मी केली. ती पुण्याहून शिक्षण अर्धवट टाकून का आली, असं पारावर कोणीतरी विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "हवा मानवली नाही तिला." पुढे लोकांनी आपापली भर घातली. झेपलं नसेल. कोणाच्या तरी नादाला लागली असेल. मी ऐकत राहिलो.

ती केजच्या कॉलेजात इतिहास घेऊन बी.ए. करत होती. दोन वर्षांनंतर विद्यापीठ बदलून जाता येतं, हे तिनं स्वतःच शोधून काढलं आणि दोन ठिकाणी प्रवेश मिळवला, हैदराबादला आणि पुण्याला. तिला हैदराबादच हवं होतं. आपला मुलूख निजामाकडे होता त्या काळाचा अभ्यास तिथे चांगला होतो, फारसी शिकता येते, वसतिगृहात खोलीही मिळणार होती. हे सगळं तिनं आम्हाला एका संध्याकाळी ओसरीवर बसून समजावून सांगितलं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर इतिहासच शिकवला. वडवणी, दिंद्रुडकडच्या किती घरांत जाऊन सांगितलं असेल, पोरगी हुशार आहे, लांब पाठवा. त्या संध्याकाळी मात्र अभ्यासाबद्दल मी एक प्रश्न विचारला नाही. मी विचारलं, "हैदराबादला आपलं कोण आहे?"

"कोणी नाही आबा. म्हणूनच तर वसतिगृह."

"पुण्याला आपलं माणूस आहे," मी म्हणालो, आणि विषय संपला.

आपलं माणूस म्हणजे माझा पुतण्या, धाकट्या भावाचा मुलगा. तो नोकरीला, त्याची बायको नोकरीला, पदरात लहान पोर. फोन केला तर किती आनंदानं बोलला. "मोठे बाबा, विचारता काय? घर तिचंच हाय." बाळाला सांभाळणारी बाई त्याच आठवड्यात काम सोडून गेली होती, हे त्यानं सांगितलं नाही. मला ते नंतर कळलं. पण कळलं तेव्हा तरी मी काय केलं?

नातीनं काही लपवलं नव्हतं. दुसऱ्याच महिन्यात तिचा फोन आला. सकाळचे डबे तिच्याकडे, बाळ तिच्याकडे, दुपारी काकू घरी आल्या तर तास, नाही तर नाही. "आबा, मी इथं शिकायला आलेय का राहायला?" मागे पोराचं रडणं ऐकू येत होतं. मी म्हणालो, "घरचीच आहेस ना? थोडं सांभाळून घे." माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन याच पुतण्यानं करून दिलं होतं, मी त्याच्याकडे राहून आलो होतो. त्याला दुखवायचं कसं? नातीला दुखवणं सोपं होतं. ती उलटून बोलणार नव्हती.

हजेरी भरली नाही. परीक्षेला बसू दिलं नाही. विद्यापीठाचं काही चुकलं नाही, वर्गात न येणाऱ्या मुलीला त्यांनी तरी काय करावं? ती बॅग घेऊन परत आली आणि मी हवेला दोष दिला.

माझ्या मुलानं, तिच्या वडिलांनी, ते खरं मानलं. त्याला राग आला आणि स्थळं बघायला सुरुवात झाली. तिनं पुन्हा हैदराबादला अर्ज केला, पुन्हा प्रवेश मिळाला, पण तो ऐकेना. "एकदा पाठवून बघितलं की. लई झालं शिक्षण." त्याचं मत बदलेल अशी एकच गोष्ट होती आणि ती माझ्या तोंडात होती. मी ती गिळून बसलो होतो.

वैशाखात पुतण्याच्या मुलाचं जावळ गावात होतं. मांडवात सगळी भावकी. पोराला मामाच्या मांडीवर बसवलं, न्हाव्यानं वस्तरा काढला आणि पोरानं भोकाड पसरलं. आईकडे जाईना, आजीकडे जाईना. बायकांच्या घोळक्यात मागे बसलेल्या माझ्या नातीकडे दोन्ही हात करून "ताई, ताई" म्हणून ओरडायला लागलं. पुतण्याच्या बायकोनं तिकडे न बघताच हाक मारली, "घे गं याला, तुझ्यापाशीच गप बसतो." ती उठली, मामाशेजारी बसली, पोराचं डोकं दोन्ही हातांनी धरलं. पोर गप्प झालं. न्हाव्यानं निवांत केस उतरवले.

पुतण्या हसून म्हणाला, "पुण्यात तेवढंच शिकली बघा."

मांडव हसला. माझा मुलगाही खाली मान घालून हसला. नातीनं पोराच्या डोक्यावरचा हात काढला नाही.

मी उभा राहिलो. माझा आवाज चिरका आहे, वर्गात पोरं नक्कल करायची. त्या आवाजात मी म्हणालो, "ते पोर आईकडं जात नाही, हिच्याकडं जातं. का ते विचारा की कोणीतरी. तिची हजेरी ह्या पोराच्या पाळण्यात गेली. तिला तिथं मी घातलं. ती फोनवर सांगत होती, मी गप राहा म्हणालो. हवा म्हणे. हवा काय वाईट हाय पुण्याची?"

भाऊ म्हणाला, "मांडवात शोभतं का दादा हे?"

"आजवर शोभत होतं तेच फार झालं."

आम्ही न जेवता निघालो. भावाचं आणि माझं बोलणं तेव्हापासून बंद आहे, आणि मला त्याचं दुःख वाटायला हवं तेवढं वाटत नाही. वाटेत मुलगा एवढंच बोलला, "तवा कावून न्हाई सांगितलं, बाबा? मी पोरीला काय काय बोललो." रात्री त्यानं मुलीला विचारलं, हैदराबादला कधी जायचं.

नातीनं माझे आभार मानले नाहीत. दुसऱ्या दिवशी चहा ठेवताना म्हणाली, "आबा, मांडवात बोललात ते बरं केलं. फोनवर बोलला असतात तर मांडवाची गरज पडली नसती." आणि आत गेली.

ती निघाली त्या दिवशी मी केजच्या स्टँडपर्यंत गेलो. अंबाजोगाईवरून परळी, तिथून रेल्वे. वाटेत खायला मोसंबी घ्यावी म्हणून ओळखीच्या बागवानाच्या गाड्यावर थांबलो. तो फळं तोलत होता आणि माझ्या तोंडून आपोआप गेलं, "हैदराबादला तुझं कोणी आहे का रे?"

"हाय ना गुरुजी. सख्खा साडू. नंबर देऊ का? पोरीला एकटं वाटणार न्हाई."

मी खिशातून फोन काढला. नंबर टिपून घ्यायला चष्माही लावला. मग वर बघितलं तर नात माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. परत एकदा तेच का, असं.

"राहू दे," मी बागवानाला म्हणालो.

"कोणी तरी असलेलं बरं असतं, गुरुजी."

नातीनं पिशवी माझ्या हातातून घेतली. "गाडी लागलीय आबा," म्हणाली, आणि मी चष्मा काढेपर्यंत खिडकीजवळची जागा धरून बसलीसुद्धा.